जो आजार जात नाही, तो कोणाचा?

वर्षाचे तास किती? ३६५ दिवस गुणिले २४, म्हणजे ८,७६०. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेली व्यक्ती दर दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेली आणि प्रत्येक वेळी तिला दहा मिनिटे मिळाली, तर वर्षभरात डॉक्टरांसमोर घालवलेला वेळ होतो एक तास. उरलेले ८,७५९ तास ती व्यक्ती आणि तिचा आजार दोघेच असतात. गोळी घ्यायची की आज राहू द्यायची, ताटात काय वाढून घ्यायचे, तळपायाला झालेली जखम आज दाखवायची की पुढच्या आठवड्यात, हे सगळे निर्णय त्या ८,७५९ तासांत होतात.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. प्रश्न आधी आकड्यांत मांडून पाहायची सवय तिथली. भाषांतराची सेवा करताना आरोग्यविषयक लेखांत ‘सेल्फ मॅनेजमेंट’ हा शब्द वारंवार समोर येतो. ‘स्वव्यवस्थापन’ असे लिहिले की वाक्य पूर्ण होते, पण मनात एक प्रश्न राहतोच. यातला ‘स्व’ नेमका कोण? ‘तुमची काळजी तुम्हीच घ्यायची आहे’ असे आपण एखाद्या आजारी माणसाला सांगतो, तेव्हा आपण त्याचा सन्मान करत असतो की त्याच्यापासून हात झटकत असतो?

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. म्हणजे आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या घरात, आणि प्रत्येक सत्संगात, असा कोणीतरी असतोच. कदाचित हा लेख वाचणारे आपण स्वतःच.

याप्य : एक विसरलेला शब्द

आपल्या बोलण्यात आजाराचे दोनच शेवट असतात. ‘बरा झाला’ किंवा ‘बरा झाला नाही’. म्हणूनच एखाद्याला आपण सहज विचारतो, “अजून गोळ्या चालूच आहेत का?” विचारण्यात काळजीच असते, पण ऐकणाऱ्याला वाटते की आपण कुठेतरी नापास झालो.

आपल्या प्राचीन वैद्यांनी मात्र यापेक्षा बारीक विचार केला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोगांचे चार प्रकार सांगितले आहेत. सहज बरे होणारे, कष्टाने बरे होणारे, उपचारांपलीकडे गेलेले, आणि या सर्वांहून वेगळे असे ‘याप्य’. याप्य म्हणजे जो आजार मुळापासून जात नाही, पण योग्य आहार-विहार आणि औषध चालू आहे तोपर्यंत माणसाला नीट जगू देतो. उपचार थांबले की तो पुन्हा डोके वर काढतो. सुश्रुतसंहितेत यासाठी एक घरगुती उपमा येते. पडू पाहणाऱ्या घराला योग्य जागी टेकू लावला, की घर उभे राहते.

या उपमेत एक मोठी समजूत दडलेली आहे. टेकू काढला नाही म्हणून घरमालकाला कोणी दोष देत नाही. उलट टेकू काढणाऱ्यालाच आपण वेडा म्हणू. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर यंत्रावरचा घसारा दरवर्षी लिहावाच लागतो. तो लिहिणे ही व्यवसायाची हार नसते. न लिहिला तर हिशेब खोटा होतो, एवढेच. रोजची गोळी, रोजचे चालणे, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी हा तसाच प्रामाणिक हिशेब आहे. तीन महिन्यांनी होणारी ‘एचबीए१सी’ ही तपासणीही खरे तर हिशेबच दाखवते. आपल्या तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळात रक्तात किती साखर होती याची खूण त्यांच्यावर राहते. आदल्या दिवशी उपाशी राहून ती खूण पुसता येत नाही.

चार पायांची चौकट

त्याच चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येक पायाचे चार गुण, असे एकूण सोळा. रुग्णाचे चार गुण कोणते? सांगितलेले लक्षात ठेवणे, त्याप्रमाणे वागणे, न घाबरणे, आणि आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता येणे.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, रुग्ण हा केवळ उपचार करून घेणारा नाही. तो उपचाराचाच एक पाय आहे. त्याच्याशिवाय ही चौकट उभी राहत नाही. आज ज्याला स्वव्यवस्थापन म्हणतात त्याचे बीज इथे आहे. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. तो चारपैकी एक पाय आहे. तीन पाय मोडके असताना चौथ्याला ‘तू भक्कम राहा’ असे सांगणे हा उपदेश नव्हे, अन्याय आहे.

रुग्णाचा एकेक गुण तपासून पाहा. लक्षात ठेवणे. बंगळुरूला मुलाकडे राहायला गेलेल्या एखाद्या मराठी आजींची कल्पना करा. दवाखान्यात कन्नड आणि इंग्रजी बोलतात, चिठ्ठी इंग्रजीत, गोळ्यांची पाकिटे सारखीच दिसणारी. आजींची स्मरणशक्ती उत्तम असेल, पण जे कधी समजलेच नाही ते लक्षात कसे राहणार? सांगितल्याप्रमाणे वागणे. रोज मजुरीवर जाणाऱ्याला ‘वेळेवर थोडे थोडे खा’ हे पाळायचे असेल, तर मुकादमाने सुट्टी द्यायला हवी आणि डब्यात भाताशिवाय काही असायला हवे. औषधाच्या चार गुणांत चरकांनी पहिला गुण कोणता सांगितला आहे? ‘बहुता’, म्हणजे ते मुबलक मिळणे. गोळीच मिळत नसेल तर आज्ञापालन कशाचे?

न घाबरणे आणि सांगता येणे हे उरलेले दोन गुण तर सर्वस्वी समोरच्यावर अवलंबून आहेत. जिथे बोलणी खावी लागतात तिथे माणूस घाबरतो. जिथे घाबरतो तिथे खरे सांगत नाही.

पहिली चूक : दोष देणे

आमच्या साप्ताहिक सत्संगाला एक काका नियमित येत असत. त्यांना मधुमेह आहे हे सर्वांना माहीत होते. प्रसादाचा शिरा घेताना रोज कोणीतरी हसत म्हणे, “काका, तुम्हाला चालतो का?” एकदा एका ज्येष्ठांनी प्रेमानेच सांगितले की हे सर्व मागचे देणे आहे, सोसूनच फिटते. काकांनी वाद घातला नाही. पुढे ते प्रसाद संपल्यानंतर येऊ लागले, मग येईनासे झाले. काही महिन्यांनी कळले की डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव झाला होता. अंधुक दिसत असल्याचे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. का नाही सांगितले, असे विचारल्यावर ते एवढेच म्हणाले, “सांगितले असते तर परत तेच ऐकावे लागले असते.”

कर्मसिद्धान्तावर आपली श्रद्धा असेल किंवा नसेल. पण ती असली, तरी तिचा उपयोग कशासाठी करायचा हा प्रश्न उरतोच. कर्माचा विचार स्वतःकडे पाहण्यासाठी आहे. माझ्या आजच्या वागण्याने उद्या काय घडेल, हे मला त्यातून शिकायचे आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी तो दिलेला नाही. समोरच्याच्या वेदनेचे कारण मी मागच्या जन्मात शोधू लागले, की या जन्मातले माझे कर्तव्य मला दिसेनासे होते. माझ्या समोर कोणी तहानलेला असताना मी त्याला पाणी दिले की नाही, हे तर माझे कर्म आहे!

शिवाय वस्तुस्थिती पाहावी. मुख्यतः लहान मुलांत आणि तरुणांत सुरू होणाऱ्या टाइप वन मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्या मुलाने गोड खाल्ले म्हणून हे झालेले नसते. पण अनेक घरांत, विशेषतः मुलगी असेल तर, लग्नाच्या काळजीने हा आजार लपवला जातो. लपवलेला आजार म्हणजे न घेतलेले इन्सुलिन, आणि या आजारात इन्सुलिन थांबले तर काही दिवसांतच जिवाला धोका होतो. आपण उच्चारलेल्या एका शब्दाची किंमत अशी कोणीतरी दुसराच मोजत असतो.

दुसरी चूक : हिरावून घेणे

दोष न देणारे लोक कधी कधी दुसऱ्या टोकाला जातात. ताटातली पोळी उचलून घेणे, पाहुण्यांसमोर “यांना चहा बिनसाखरेचा” असे परस्पर सांगणे, डॉक्टरांनी रुग्णाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलाने देणे. हे सर्व प्रेमापोटीच होते. पण ज्या माणसाने चाळीस वर्षे संसार चालवला, त्याला आपल्या ताटावरही अधिकार उरत नाही. अधिकार गेला की जबाबदारीची जाणीवही जाते. मग तो चोरून खातो. पहारेकरी आणि कैदी असे नाते तयार होते, त्यात परिचारकही थकतो आणि रुग्णही.

चरकांनी परिचारकाच्या गुणांत सेवेचे ज्ञान, कौशल्य आणि शुचिता यांबरोबर ‘अनुराग’ सांगितला आहे. पहारा सांगितलेला नाही. अनुराग असलेला माणूस विचारतो, “आज काय जड गेले?” आणि उत्तर ऐकून घेतो. डोळ्यांत तेल घालून पाहण्यापेक्षा कान उघडे ठेवणे कठीण आहे, पण रुग्णाचा चौथा गुण, म्हणजे सांगता येणे, त्यातूनच जिवंत राहतो.

तिसरी चूक : साधनेला औषधाच्या जागी बसवणे

हे आपल्याच घरातले बोलणे आहे, म्हणून स्पष्ट बोलायला हवे. ध्यान, प्राणायाम, योगासने, नियमित दिनचर्या यांनी मन शांत होते, झोप सुधारते, शरीर हलते राहते. दीर्घ आजारात हा मोठा आधार आहे. पण ‘साधना वाढली, आता गोळ्या सोडल्या’ असे कोणी अभिमानाने सांगते तेव्हा आपण टाळ्या वाजवू नयेत. उच्च रक्तदाब बहुतेक वेळा कसलेच लक्षण दाखवत नाही. बरे वाटणे आणि दाब आटोक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळी कमी करायची असेल तर तो निर्णय मोजमाप पाहून डॉक्टरांबरोबर घ्यायचा असतो.

उपवासाचेही तसेच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने एकादशीला काही न खाता तीच मात्रा घेतली, तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ आणि पुढे बेशुद्धी. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची असते आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे असते. तिथे ‘उपवास मोडेल’ हा विचार धर्म नव्हे. दुसरीकडे साबुदाणा आणि बटाटा यांचा उपवास साखर झपाट्याने वाढवतो. वारीत, परिक्रमेत किंवा मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. फोड येतो, पण कळत नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या अशा वारकऱ्याने योग्य पादत्राणे घातली आणि रोज रात्री तळपाय पाहिले, तर त्याची भक्ती रतिभरही कमी होत नाही.

औषधाकडेही आपण श्रद्धेने पाहू शकतो. इन्सुलिनच्या शोधापूर्वी टाइप वन मधुमेह म्हणजे मृत्यूच होता. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोला एका चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिले गेले. फ्रेडरिक बँटिंग यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे पेटंट नाममात्र मोबदल्यात टोरंटो विद्यापीठाकडे सोपवले. फळाची आशा न धरता केलेले कर्म आपण ज्याला म्हणतो, ते त्या लहानशा बाटलीत आहे. ती नाकारणे हा त्या सेवेचाही अनादर आहे.

तुकडे झालेला माणूस

आता उरलेल्या दोन पायांकडे, म्हणजे वैद्य आणि औषध यांच्याकडे पाहू. एकाच व्यक्तीला मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि उदासीनता असू शकते. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जवळपास दुप्पट आढळते. चार आजार, चार दवाखाने, चार फायली. गुडघ्यासाठी दिलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला जड जाते आणि रक्तदाब वाढवते, हे हृदयाच्या डॉक्टरांना कळतच नाही, कारण ती चिठ्ठी दुसऱ्या पिशवीत आहे. या सर्वांना एकत्र जोडण्याचे काम कोण करते? बहुतेक घरांत सून, पत्नी किंवा मुलगी. तिला त्याचे शिक्षण मिळालेले नसते, पगार नसतो, आणि तिच्या स्वतःच्या रक्तदाबाची तपासणी गेल्या कित्येक वर्षांत झालेली नसते.

एकात्मिक सेवा म्हणजे हे तुकडे रुग्णाच्या किंवा तिच्या डोक्यावर न टाकता व्यवस्थेने जोडणे. हे केवळ स्वप्न नाही. २०१७ मध्ये पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र या राज्यांतील काही जिल्ह्यांपासून भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. त्याची सूत्रे साधी आहेत. सर्व केंद्रांत एकच सोपी उपचारपद्धती, गोळ्यांचा अखंड साठा, डॉक्टरांबरोबर परिचारिका व आशा कार्यकर्त्यांची जोड, घराजवळ सेवा, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, म्हणजे कोण आले नाही ते कळावे. तमिळनाडूत ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम्’, म्हणजे ‘लोकांना शोधत जाणारे वैद्यक’, या योजनेत मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे स्वयंसेविका घरी पोहोचवतात. चरकांची ‘बहुता’ दारापर्यंत येते, ती अशी.

आणि केरळचे उदाहरण तर आपल्यासारख्या सेवाभावी लोकांनी आवर्जून अभ्यासावे. १९९३ मध्ये कोळिकोडला वेदनामुक्ती व उपशामक सेवेचे काम सुरू झाले. त्यातूनच पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत शेजारपाजारच्या सामान्य लोकांनी प्रशिक्षण घेऊन दीर्घ आजारी माणसांची जबाबदारी उचलली. परिचारिका घरी येऊन वैद्यकीय काम करते, स्वयंसेवक सोबत करतात, घरात शिधा आहे का, मुलांची शाळा चालू आहे का ते पाहतात. २००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले आणि स्थानिक स्वराज्य संस्था त्यात जोडल्या गेल्या. तिथे शेजारीच ‘परिचारक’ हा तिसरा पाय झाले.

आपण काय करू शकतो?

विचार आचरणात आला तरच त्याला अर्थ आहे. आपल्या केंद्रात आणि घरात या गोष्टी आजपासून करता येतील :

१. घरातील दीर्घ आजारी व्यक्तीसाठी एकच वही ठेवावी. सर्व औषधे, तपासण्या, सर्व डॉक्टरांच्या सूचना त्यातच, आणि तिला वाचता येईल अशा भाषेत. वही तिच्याच ताब्यात असावी.

२. प्रसादात नेहमी एक साधा पर्याय ठेवावा, फळ किंवा मूठभर फुटाणे. तो सर्वांसाठी ठेवला की कोणालाही वेगळे काढावे लागत नाही.

३. उपवास, पदयात्रा किंवा शिबिराची सूचना देताना ‘औषधे चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे’ हे वाक्य न विसरता घालावे. शिबिरात साखर, ग्लुकोज आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र हाताशी असावे.

४. कोणाच्याही आजाराबद्दल चारचौघांत बोलू नये. एकांतात विचारावे, आणि विचारल्यावर सल्ला देण्याआधी ऐकावे.

५. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी होते. तिथे जाताना एखाद्याची सोबत करावी, विशेषतः जिथे भाषा परकी आहे.

६. आठवड्यातून दोन तास एखाद्या काळजी घेणाऱ्या व्यक्तीला मोकळीक द्यावी. रुग्णाजवळ आपण बसावे. आणि तिला विचारावे, “तुमचा रक्तदाब शेवटचा कधी तपासला?”

‘स्व’ म्हणजे कोण?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. ‘तुमची काळजी तुम्हीच घ्यायची आहे’ हे वाक्य खरेही आहे आणि खोटेही. गोळी मीच गिळायची असते, पाऊल मीच उचलायचे असते. ते दुसरा कोणी माझ्यासाठी करू शकत नाही, आणि करू म्हणाला तर तो माझे काहीतरी हिरावून घेतो. पण ती गोळी माझ्या हातात येईपर्यंत, ती का घ्यायची हे मला समजेपर्यंत आणि चुकले तर न घाबरता सांगता येईपर्यंत, कितीतरी माणसे लागतात. ज्या ‘स्व’ने व्यवस्थापन करायचे आहे, तो अशा माणसांच्या आधाराने उभा असतो.

‘स्वस्थ’ या शब्दाचा अर्थ स्वतःत स्थिर असलेला, असा आहे. आजार शंभर टक्के गेला तरच माणूस स्वस्थ, असे तो शब्द म्हणत नाही. याप्य आजार अंगावर बाळगूनही माणूस स्वस्थ राहू शकतो. पुढच्या वेळी कोणी गोळ्यांची डबी उघडताना दिसले, तर “अजून चालूच आहेत का?” असे न विचारता आपण पाण्याचा पेला पुढे करावा. त्या ८,७५९ तासांपैकी एखादा तास तरी त्यांना एकट्याने काढावा लागणार नाही.